कक्षाच्या कक्षेबाहेरचा एक प्रश्न

पाळकांविरुद्ध मंडळीची मुख्य तक्रार अशी होती, की ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत.

उपासना संपली की ते चर्चच्या दाराशी उभे राहात आणि बाहेर पडणारा कोणीही, हातात हात देता देता, मनात येईल ते विचारी. "खोटं बोललो, पण चांगल्यासाठी बोललो. चालेल का?" पाळक म्हणत, "नाही." "सासूला मनातून माफ केलं आहे. ते तिला सांगायलाच हवं का?" "हो." "रोज प्रार्थना करतो, पण मन लागत नाही." "माझंही लागत नाही. करत राहू." एवढ्यात विषय आटपे. ज्या शंकेवर माणसाला आरामात कित्येक महिने काढता आले असते, ती चपला शोधण्याआधीच मिटे, आणि मग घरी जाऊन सांगितलं ते करण्यावाचून काही उरत नसे. यामुळे मंडळीत अस्वस्थता पसरली होती.

हा प्रश्न कार्यकारी समितीपुढे आला. समितीच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टर होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे पेशंट आला की मी लगेच त्याची दाढ उपटत नाही. आधी बसवते, मग एक्स-रे काढते, मग पुढच्या आठवड्यात बोलावते. तेव्हा कुठे त्याला उपचार झाल्यासारखं वाटतं. आणि इथे तर आत्म्याचा मामला आहे! त्याला काही पद्धत नको?"

पद्धत म्हटल्यावर सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांनी आयुष्यभर, पाणी सोडून, लोकांना बाकी सगळं पुरवलं होतं. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी बायकोला दिवसभराच्या कामकाजाची रूपरेषा विचारत आणि संध्याकाळी विलंबाची कारणं. त्यामुळे समितीला शंकानिरसन कक्ष काढायचा आहे आणि त्याला प्रमुख हवा आहे हे कळलं, तेव्हा देव प्रार्थना ऐकतो याची खात्री साहेबांच्या आधी त्यांच्या बायकोला पटली.

गायकवृंदाचे झगे ठेवायची खोली रिकामी करण्यात आली. तिच्या भिंतीला खिडकी पाडून तिला काच बसवली आणि काचेला खाली हात जाईल एवढी फट ठेवली. खिडकीशेजारीच दार होतं आणि ते दिवसभर सताड उघडं असे, पण दारातून आलेला प्रश्न ग्राह्य धरला जात नसे. कक्षाचे तीन विभाग होते: श्रद्धा, आचरण आणि शास्त्र. तिन्ही विभागांत साहेबच बसत. मात्र एका विभागाचा प्रश्न दुसऱ्या विभागाकडे वर्ग करायचा झाला, तर ते खुर्ची शिस्तीत सरकवून त्या विभागात जात, आणि तिथे गेल्यावर, हा प्रश्न आपल्याकडे का पाठवला म्हणून कपाळाला आठ्या घालत.

पाळकांना समितीने कळवलं की आपण यापुढे दाराशी फक्त हात मिळवावा. पाळक म्हणाले, "बरं." हेही त्यांनी जरा लवकरच म्हटलं असं अध्यक्षबाईंना वाटलं.

कक्ष पहिल्याच आठवड्यात गाजला. 'शेजाऱ्यावर प्रेम करा' या आज्ञेत वरच्या मजल्यावरचा शेजारी येतो का, असं एका घड्याळजीने विचारलं. वरच्यांच्या न्हाणीघराचं पाणी त्याच्या पलंगावर ठिबकत होतं. साहेबांनी खुर्ची दोनदा सरकवून निर्णय दिला की शेजारी म्हणजे ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे तो. वरचा माणूस छताशी संबंधित असल्यामुळे त्याच्यावर प्रेम करणं ऐच्छिक आहे. घड्याळजी डोळे पुसत गेला.

एका गालावर मार बसला तर दुसरा पुढे करण्याबाबत तांत्रिक मत अध्यक्षबाईंनीच दिलं. ज्या बाजूच्या दाढेचं काम चालू असेल, तो गाल उपचार पूर्ण होईपर्यंत सवलतीत धरावा. यानंतर त्यांच्या दवाखान्यात नवे पेशंट बरेच वाढले.

सर्वांत दूरगामी निर्णय केस कापणाऱ्या बाईंच्या प्रश्नावर झाला. त्यांच्या दुकानात गावभरच्या भानगडी कळत, आणि महिलांच्या सभेत बाई त्या प्रार्थनेचा विषय म्हणून सांगत. "मग ही चुगली होते का हो, साहेब?" त्यांनी काकुळतीने विचारलं. साहेबांनी आचरण विभागात बसून बराच विचार केला आणि सांगितलं की डोळे उघडे ठेवून सांगितल्यास चुगली, मिटून सांगितल्यास प्रार्थना. तेव्हापासून महिलांची सभा लांबू लागली. कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा जावई कामावरून घरी बसला, हे सगळं बायका घट्ट डोळे मिटून ऐकत आणि मधूनच "अगंबाई, आमेन!" म्हणत.

पण कक्षाचं खरं वरदान वेगळंच होतं, आणि ते लोकांच्या लवकरच ध्यानात आलं. प्रश्न विचारला की तो प्रलंबित होई, आणि प्रलंबित असेपर्यंत माणसाला काहीच करावं लागत नसे. आजारी आत्याला भेटायला का जात नाहीस, असं कोणी विचारलं की भाचा नम्रपणे सांगे, "मी विचारलंय कक्षात. उत्तर आलं की लगेच." मग त्याच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नसे. पूर्वी ज्या माणसांना आपण चुकतोय हे ठाऊक होतं, त्या सगळ्यांना आता आपण शोध घेतोय असं वाटू लागलं.

अशाच एका गुरुवारी, मान वर न करता, साहेब म्हणाले, "पुढचे."

काचेखालच्या फटीतून ताज्या पावाचा वास आत आला. मग खिडकीच्या कट्ट्यावर दोन हात टेकले. नखांच्या कडांना पीठ होतं. साहेबांना मान वर करायची गरज राहिली नाही.

तो त्यांचा थोरला भाऊ होता. मागच्या गल्लीत त्याची बेकरी होती. आई गेल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण जमिनीवरून नव्हतं, दागिन्यांवरून नव्हतं. ते शास्त्रावरून होतं, म्हणून जास्त चिवट होतं. आईच्या कबरीच्या दगडावर शास्त्रातलं कुठलं वचन कोरायचं? थोरल्याला विसाव्याचं वचन हवं होतं, कारण आई जन्मभर इस्पितळाच्या चादरी धुत राहिली, कधी बसली नाही. धाकट्याला कष्टाच्या फळाचं वचन हवं होतं, कारण आई कधी बसली नाही. एकाच गोष्टीवरून दोघे दोन बाजूंना गेले, आणि दोघांच्या मधे पाथरवट हातोडी घेऊन "मग काय कोरू?" असं विचारत राहिला. शेवटी त्याने नुसतं नाव कोरलं. तेव्हापासून चर्चमध्ये भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. उपासनेत 'शांती असो' म्हणत शेजारच्याला हात द्यायची वेळ आली की थोरला उजवीकडे वळे आणि धाकटा डावीकडे.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"माझं? तुला माहीत नाही?"

"कक्षाला काही माहीत नसतं."

थोरल्याने नाव सांगितलं. मग म्हणाला, "आडनाव तुझंच लाव."

"प्रश्न?"

"माझा धाकटा भाऊ माझ्याशी बोलत नाही. तर आधी मी बोलावं, की त्याने?"

मागच्या रांगेतल्या केस कापणाऱ्या बाईंनी खबरदारी म्हणून डोळे मिटून घेतले.

"सदर भाऊ सख्खा की चुलत?"

"सख्खा. डोक्याने थोडा जड आहे, पण सख्खा."

"विशेषणं नकोत. वाद कशावरून?"

"आईच्या दगडावरून."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे वाद शास्त्राचा आणि बोलणं आचरणाचं. दोन विभाग येतात. पुढच्या गुरुवारी या."

"येतो," थोरला म्हणाला. जाताना त्याने काचेवर बोटाने टकटक केली, जशी लहानपणी तो धाकट्याच्या डोक्यावर करत असे. साहेबांनी ती कामकाजातून वगळली.

पुढच्या गुरुवारी साहेबांनी त्रुटी काढली. "शेवटचं बोलणं नेमकं काय झालं, हे अर्जदाराने नमूद केलेलं नाही."

"तो म्हणाला, 'तुला आई कधी कळलीच नाही.'"

साहेबांचं पेन थांबलं. "आणि अर्जदार काय म्हणाले?"

"मी म्हणालो, 'तुला खुर्चीशिवाय कोण कळलंय?'"

"यात खुर्चीचा उल्लेख आवश्यक आहे?"

"त्याला लागला असेल तर काढून टाक."

"कक्षाला काही लागत नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द खोडला.

त्यानंतर त्रुटी निघतच राहिल्या. कधी भावाच्या स्वभावाचा तपशील अपुरा पडे, कधी बालपणाचा. थोरला बेकरी मुलीवर सोपवून दर गुरुवारी हजर होई आणि काचेपलीकडे उभा राहून उत्तरं देई.

"ओळख पटवण्यासाठी भावाची एखादी सवय सांगा."

"पावाची करपलेली कड. आमच्या सगळ्यांच्या ताटातल्या कडा उचलून तोच खायचा. आई म्हणायची, हा पोरगा मोठेपणी कोळसाच मागेल."

"अजून खातो का?"

"तेच विचारायला आलोय."

साहेबांनी शाई संपल्याचं निमित्त करून खाली वाकून बराच वेळ खण धुंडाळला. त्या संध्याकाळी जेवताना ते बायकोवर उगाचच उखडले, की या घरात पाव नीट भाजलाच जात नाही.

बायको गंमत बघत होती. बुधवारी साहेब स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री करू लागले होते. गुरुवारी सकाळी ते दाढी दोनदा करत.

"एवढं आहे तर जा की भाऊजींकडे," ती म्हणाली. "बेकरी काय समुद्रापलीकडे आहे?"

"प्रकरण माझ्यासमोर असताना मी पक्षकाराला खासगीत भेटणं योग्य नाही."

"मग निकाली काढा."

"त्रुटी आहेत."

"कोणात?" बायकोने विचारलं, आणि ताटं उचलून ती आत गेली.

खरी अडचण साहेबांना कोणाला सांगता येत नव्हती. उत्तर दिलं की प्रश्न संपणार. प्रश्न संपला की दादा खिडकीत येणार नाही. पाण्याच्या कार्यालयात त्यांनी असंख्य प्रकरणं अडवली होती, पण एखादं प्रकरण हातातून जाऊ नये म्हणून जीव टांगणीला लागल्याचा हा पहिलाच अनुभव होता. त्यांना कधी नव्हे ते शंका आली, की त्या कार्यालयातही लोक पुन्हा पुन्हा येत ते नळासाठीच येत होते ना.

एवढ्यात वरिष्ठांची पाहणी ठरली. चर्चच्या मुख्य कार्यालयातून कोणीतरी कक्ष बघायला येणार होतं, आणि त्यांना इथे एकही प्रलंबित शंका दिसू नये असं अध्यक्षबाईंनी फर्मावलं. साहेबांनी बाह्या सरसावल्या. साचलेल्या सर्व प्रश्नांना 'प्रार्थना करावी' हे एकच उत्तर देऊन त्यांनी कक्ष झाडून काढला. त्यात प्रार्थना कशी करावी असं विचारणाराही निघून गेला. आत्याच्या भाच्यालाही हेच उत्तर मिळालं, आणि त्याने ते प्रामाणिकपणे पाळून आत्याकडे जाणं पुन्हा टाळलं.

फक्त एक प्रश्न उरला.

"यात एवढं काय आहे?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "'प्रार्थना करावी' म्हणा आणि मोकळे व्हा."

"या प्रश्नाला ते उत्तर पुरेसं नाही," साहेब म्हणाले. बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. कक्षाच्या प्रमुखाला असा विकार जडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. अखेर प्रश्न पाळकांच्या अभिप्रायासाठी पाठवायचं ठरलं, आणि विलंब लागावा म्हणून साहेब तो घेऊन स्वतः चालत गेले.

पाळक घरामागे कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी प्रश्न ऐकला आणि झारी खालीसुद्धा न ठेवता म्हणाले, "थोरल्याने आधी बोलावं."

"कारणमीमांसा?"

"साहेब, तो खिडकीत कितीदा आला?"

"दर गुरुवारी."

"मग त्याचं बोलून झालंय की. आता राहिला धाकट्याचा प्रश्न. तो कोणी विचारलाय का?"

साहेबांनी घसा खाकरला. "तसा प्रश्न अद्याप कक्षाकडे आलेला नाही."

"हं," पाळक म्हणाले आणि पुढच्या कुंडीकडे वळले.

गुरुवारी थोरला आला. साहेबांनी काचेकडे न बघता उत्तर वाचून दाखवलं. "अर्जदाराने आधी बोलावं. प्रकरण निकाली."

थोरल्यालाही बहुधा एवढ्या लवकर उत्तराची अपेक्षा नव्हती. मग त्याने दोन्ही हात अंगरख्याला पुसले, फटीपाशी वाकला आणि म्हणाला,

"छोट्या, कसा आहेस?"

साहेबांनी प्रश्नाकडे तिन्ही बाजूंनी पाहिलं. हा श्रद्धेचा नव्हता. आचरणाचा म्हणावा, तर त्यात कोणी काय करावं असं काही विचारलेलं नव्हतं. शास्त्रात याला आधार सापडला असता, पण तो शोधायला खुर्चीवरून उठावं लागलं असतं. त्यांनी खुर्ची डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, आणि शेवटी अधिकृत आवाजात म्हणाले,

"हा प्रश्न कक्षाच्या कक्षेत येत नाही."

"मग कुठे विचारू?"

"घरी," साहेब म्हणाले. "घरी विचारावा."

"कोणाच्या?"

"अर्जदाराच्या सोयीने. येताना..." साहेबांनी चष्मा काढला, तो या वेळी पुसण्यासाठी नव्हता. "येताना करपलेला असेल तर एखादा पाव आण, दादा."

मग ते उठले, आणि कामकाजाच्या वेळात कधी कोणीही वापरलं नव्हतं त्या उघड्या दारातून बाहेर आले.

त्या संध्याकाळी थोरला घरी आला. चहा झाला, पाव झाला. मग अपेक्षेप्रमाणे दगडाचा विषय निघाला आणि दोघे असे कडाडून भांडले की खालच्या मजल्यावरचा घड्याळजी, हे भांडण त्याच्या छताशी संबंधित असूनही, काळजीने वर आला. दगडावर अजून नुसतं नावच आहे. पण भांडण आता समोरासमोर होतं, आणि ते पुढे चालवायला थोरला परवा पुन्हा येऊन गेला. आई कधी बसली नाही यावर मात्र दोघांचं एकमत आहे, आणि ते म्हणताना दोघेही बसलेले असतात.

साहेबांची मात्र चौकशी झाली. त्यांनी पूर्वमंजुरी नसताना तोंडी उत्तर दिलं, आणि खिडकीऐवजी दाराचा वापर केला. हे दोन्ही आरोप सिद्ध झाल्यामुळे त्यांना कक्षातून मुक्त करण्यात आलं. ती बातमी ऐकून त्यांच्या बायकोचा चेहरा उतरला, पण साहेब आता सकाळी रूपरेषा विचारायच्या वेळी बेकरीत असतात हे पाहिल्यावर ती सावरली.

कक्षाचा कारभार आता स्वतः अध्यक्षबाई पाहतात. वरिष्ठांना पाहणीत एकच उणीव आढळली: 'कसा आहेस' या प्रश्नाची मागणी दिसते, पण सोय नाही. म्हणून चौथा, 'कुशल' नावाचा विभाग उघडण्यात आला. मंडळीतल्या ज्या कोणाला दुसऱ्याची खुशाली विचारायची असेल, त्याने शुक्रवारी टोकन घेऊन ती खिडकीत विचारावी. संबंधिताकडून माहिती मागवून यथावकाश कळवण्यात येईल. रांग रस्त्यापर्यंत जाते. वर्षानुवर्षं एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसणारी माणसं तिथे एकामागे एक उभी असतात आणि पुढच्याच्या पाठीकडे बघत त्याच्याविषयीचा प्रश्न मनात घोकत असतात.

तुम्हाला यात अतिशयोक्ती वाटत असेल. वाटू द्या. मात्र परवा जिन्यात तुम्हाला कोणीतरी भेटलं आणि तुम्ही "काय, कसं काय?" असं विचारलंत. त्याने तोंड उघडलं, तेव्हा तुम्ही पुढच्या पायरीवर होतात. तो काय म्हणाला?